सौंदर्यप्रसाधनांतील प्लॅस्टिकचे कण आणि आपला अहिंसाविचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी जी मंडळी बोलून गेली, ती विद्वान होती. मी दादरच्या हिंदमाता बाजारात साड्या विकणारा मनुष्य. बी.कॉम. झालो आणि दुसऱ्याच दिवसापासून वडिलांच्या गादीवर बसलो. पुढचे सारे शिक्षण तेथेच झाले. तेव्हा सौंदर्यप्रसाधनांतील प्लॅस्टिक आणि त्याचे पर्याय हा रसायनशास्त्राचा विषय माझ्याकडे कसा आला, असे आपणांपैकी अनेकांना वाटत असेल. स्वाध्यायाच्या वेळी मी एकदा घरातली एक हकिकत सांगितली होती. तरुण मंडळाने ती लक्षात ठेवली आणि ‘काका, आता यावरच बोला’ असा आग्रह धरला. म्हणून प्रथम ती हकिकतच सांगतो.

गेल्या वर्षी पर्युषणापूर्वीची साफसफाई चालू असताना गिरगावच्या आमच्या घरी न्हाणीघराच्या फळीवर मागे पडलेली एक नळी सापडली. चेहरा घासून स्वच्छ करण्याची ती मलई होती. छाप २०१४ सालचा. परदेशातून कोणी पाहुण्याने भेट म्हणून आणलेली असावी. नातीने थोडी बोटावर घेतली, चोळली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, ह्यात रवा आहे.’’ मीही चोळून पाहिली. कणी लागत होती, पण रव्यासारखी फुगत नव्हती आणि मिठासारखी विरतही नव्हती.

आमच्या घरी पाणी गाळून घेण्याची रीत अजून चालू आहे. महानगरपालिकेचे पाणी शुद्ध होऊन येते हे ठाऊक असूनही नळाला दुहेरी मांजरपाटाचे फडके असतेच. कापडाच्या धंद्यातला असल्यामुळे ते फडके कोणत्या सुताचे, किती घट्ट विणीचे असावे याबाबत मी जरा हट्टी आहे, घरातले त्यावरून माझी चेष्टा करतात. त्या दिवशी मी चमचाभर मलई वाटीभर कोमट पाण्यात कालवली आणि ते पाणी या फडक्यातून सोडले. फेस निघून गेला. फडक्यावर पांढरी-निळसर कणी शिल्लक राहिली. वरून उकळते पाणी ओतले, तरी ती तशीच. मग वाटीत पाणी घेऊन त्यात टाकली, तर पाण्यावर तरंगू लागली. कापडाचे सूत मोजण्याचे जे भिंग दुकानात असते ते आणून पाहिले, तेव्हा बारीक ओबडधोबड गोळ्या दिसल्या.

आता खरी अडचण पुढे आली. आमच्या मातोश्री गावी पाणी गाळून झाल्यावर फडके अलगद उलटे करीत, त्यावर गाळलेले पाणी ओतीत आणि जे काही अडकले असेल ते, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सोडीत. गाळणे ही अर्धीच क्रिया आहे, अडकलेला जीव आपल्या ठिकाणी परत गेला पाहिजे, असे त्या आम्हांला बजावीत. मी सवयीने फडके उलटे केले आणि हात थांबला. हे जे फडक्यावर होते, ते पाण्यात परत सोडायचे तरी कसे? मोरीत झटकले असते, तर ते पाण्यातच गेले असते. शेवटी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत ती कणी भरून ठेवली. ती बाटली आज मी बरोबर आणली आहे.

ही कणी बहुधा पॉलिएथिलिनची, म्हणजे ज्या पदार्थाच्या आपल्या पिशव्या असत त्याचीच. ५ मिलिमीटरपेक्षा लहान अशा प्लॅस्टिकच्या तुकड्यांना शास्त्रज्ञ सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या निबंधानंतर हा शब्द रूढ झाला. त्याच विद्यापीठात २०१५ साली बाजारातल्या अशा मलया गाळून मोजणी झाली. एका वेळी चेहरा धुण्यास सुमारे ५ मिलिलिटर मलई लागते असे धरले, तर एका धुण्याबरोबर ४,५९४ पासून ९४,५०० पर्यंत कण मोरीत जाऊ शकतात, असा तो हिशेब होता. हा आकडा मी दोनदा तपासून घेतला, कारण प्रथम मला तो छपाईची चूक वाटला.

कंपन्यांनी हे कण घातले ते काही दुष्टाव्याने नव्हे. व्यापारी म्हणून मला त्यांचे कारण लगेच कळते. प्लॅस्टिकचा कण स्वस्त, पांढराशुभ्र, मापाला एकसारखा. त्याला कीड लागत नाही, वास येत नाही, वर्षानुवर्षे नळीत तसाच राहतो. अक्रोडाचे कवच दळून घातले, तर प्रत्येक हंगामाचा माल वेगळा, रंग वेगळा, त्यातले जंतू मारावे लागणार. कारखानदार सोपी वस्तू निवडणारच. टिकाऊपणा हा जो गुण कारखान्यात हवा असतो, तोच समुद्रात गेल्यावर दोष होतो.

अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांतील असे कण बंद केले. दातांच्या पेस्टमधील निळे कण रुग्णांच्या हिरड्यांत अडकलेले तेथील दंतवैद्यांना त्याआधीच आढळले होते. ब्रिटनने २०१८ साली बंदी घातली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने २०१७ साली प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण प्रसाधनांसाठी असुरक्षित द्रव्यांच्या यादीत टाकले. सर्वांत व्यापक नियम युरोपीय संघाचा, २०२३ सालचा. घासण्याचे कण तेथे लगेच बंद झाले. धुऊन टाकण्याच्या इतर वस्तूंना २०२७ पर्यंत, अंगावर राहणाऱ्या मलया-क्रीम यांना २०२९ पर्यंत आणि ओठांच्या, नखांच्या व रंगभूषेच्या वस्तूंना २०३५ पर्यंत मुदत आहे. मुदती अशा वेगवेगळ्या का, याचे कारण पुढे येईल.

नियम झाला म्हणजे वस्तू गेली, असे मात्र समजू नये. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२२ साली बाजारातील ३५ प्रसाधने तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक वस्तूंत प्लॅस्टिकची द्रव्ये निघाली. डब्यावर ‘प्लॅस्टिक’ असे कोणी लिहीत नाही. पॉलिएथिलिन, पॉलिप्रॉपिलिन, नायलॉन-१२, पॉलिमिथाइल मेथाक्रायलेट अशी नावे असतात आणि ती इतक्या बारीक अक्षरांत, की माझ्यासारख्याला भिंगच लागते.

आता ही कणी मुंबईत जाते कोठे? आपल्या गिरगाव, परळ, लालबागचे सांडपाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्राकडे वळते. तेथे वर्षानुवर्षे होत आले ते एवढेच, की जाळीने मोठा कचरा काढायचा, वाळू-खडी खाली बसू द्यायची आणि उरलेले पाणी समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून दूर सोडायचे. तरंगणारा, केसाएवढा बारीक कण या जाळीत कसा सापडावा? जानेवारी २०२३ मध्ये शहरातील सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली, त्यांत वरळीचे केंद्र दररोज ५० कोटी लिटरचे आहे. अशा केंद्रांत बहुतांश कण गाळात बसतात, हे परदेशांत दिसून आले आहे. पण पुढे तो गाळ कोठे टाकायचा, हा प्रश्न उरतोच.

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी जुहू, वर्सोवा, दादर आणि अक्सा या चार किनाऱ्यांवरील वाळू तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका चौरस मीटरमध्ये सरासरी ६८ हून अधिक प्लॅस्टिकचे तुकडे सापडले आणि त्यांतील सुमारे ४२ टक्के १ ते ५ मिलिमीटरचे होते. दादरची चौपाटी म्हणजे आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तो मासा खातो, कोळी बांधव तो मासा पकडतात. आपला काय संबंध, असे एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांना मी मिठाची गोष्ट सांगितली. पवईच्या आय.आय.टी.तील डॉ. अमृतांशू श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली भारतीय समुद्री मिठाचे नमुने तपासले. प्रत्येक नमुन्यात सूक्ष्मप्लॅस्टिक होते. एकंदर ६२६ कण वेगळे काढले, त्यांतले ६३ टक्के तुकडे व ३७ टक्के तंतू. मासे न खाणाऱ्याच्या ताटातही मीठ असतेच. त्या संशोधकांनी सुचवलेला उपायही ऐकण्यासारखा आहे. मिठागरात घेण्यापूर्वी समुद्राचे पाणी वाळूतून गाळले, तर वजनाने सुमारे ८५ टक्के प्लॅस्टिक अडवता येते, असे त्यांना आढळले. पुन्हा गाळणेच!

ओघात आले म्हणून सांगतो. बांगलादेशात मतलब येथे रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी खेड्यांतील स्त्रियांना पाणी जुन्या सुती साडीच्या घड्यांतून गाळण्यास शिकवले आणि पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. तो निबंध २००३ सालचा आहे. जुन्या, वारंवार धुतलेल्या सुताची चार घड्यांची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची होतात. नवी साडी चालत नाही. छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी, असे गाळण्याच्या वस्त्राचे माप आपल्या ग्रंथकारांनी सांगून ठेवले, त्यामागची दृष्टी आज आपल्याला अशा रीतीने पुन्हा भेटते.

असो. आता मुख्य भागाकडे येतो. प्लॅस्टिक काढले तर त्या जागी घालायचे काय?

घासण्याच्या कणापुरते उत्तर अवघड नाही. किंबहुना ते आपल्या घरात होतेच. मसूर, हरभऱ्याचे पीठ, तांदळाची कणी, संत्र्याची वाळवलेली साल, मुलतानी माती. दिवाळीत दादरच्या बाजारात उटण्याच्या पुड्यांचे ढीग लागतात, ते दुसरे काय आहे? १९५२ साली परळमधल्या घरात केशव पेंढरकरांनी वनस्पतींचे दंतचूर्ण करून विकण्यास आरंभ केला, त्यातून विको हा उद्योग उभा राहिला. त्यासाठी त्यांना प्लॅस्टिकचे कण लागले नाहीत. आजचे कारखानदार अक्रोडाचे कवच, जर्दाळूची बी, सिलिका, मीठ, साखर वापरतात. मीठ-साखर पाण्यात विरते, म्हणून ती तेलाच्या मलईतच घालावी लागते. मीठ साबणाच्या मलईत घातले, तर तिचा घट्टपणा बिघडतो. अक्रोडाचे कवच लालबागच्या मिरची गल्लीतल्या डंकावर मिरची कुटावी तसे कुटून चालत नाही, धार राहिली तर चेहऱ्यावर ओरखडे येतात. मला सर्वांत पसंत पडला तो एरंडेलाचा पर्याय. एरंडेल तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली, की त्याचे कठीण मेण होते आणि त्याच्या प्लॅस्टिकइतक्याच गुळगुळीत गोळ्या करता येतात. जगातील बहुतेक एरंडी आपल्या देशात, तीही मुख्यतः गुजरातेत पिकते.

पण घासण्याचा कण हा सर्वांत सोपा भाग होता. पावडरीला जो रेशमासारखा घसरता स्पर्श असतो, तो नायलॉनच्या सूक्ष्म गोळ्यांचा. त्या जागी तांदळाचा स्टार्च घातला, तर दमट हवेत तो पाणी शोषून घेतो; जुलैतली मुंबई डोळ्यांपुढे आणा. सिलिका चालते, पण त्वचा कोरडी पडते. चकाकी ही प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियम चढवून केलेली असते. शाम्पूत आणि कपड्यांना सुवास देणाऱ्या द्रवांत अत्तर भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांचे कवचही प्लॅस्टिकच्याच जातीचे. ओठांच्या रंगाला पापुद्रा धरून ठेवणारे द्रव्य बदलले, की रंग ओघळतो. म्हणूनच युरोपने निरनिराळ्या मुदती दिल्या. एका कृतीतले एक द्रव्य काढले, तर बाकी सर्व द्रव्यांचे प्रमाण पुन्हा बसवावे लागते. आमच्याकडे ताण्याचे सूत बदलले तर वीण, रंग, आटणे सगळेच बदलते, तसेच हे.

आणि ‘जैवविघटनशील’ हा शब्दही जपून घ्यावा. मक्यापासून केलेले पॉलिलॅक्टिक ॲसिड नावाचे प्लॅस्टिक विघटनशील म्हणून विकले जाते. ते कुजते खरे, पण साठ अंशांच्या आसपास तापलेल्या कारखान्यातल्या खताच्या ढिगात. थंड समुद्रात ते वर्षानुवर्षे पडून राहते. इंग्लंडच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठाने २०२० साली वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेली चकाकी गोड्या पाण्यात सोडून पाहिली, तर पाणवनस्पतींच्या मुळांवर तिचाही वाईट परिणाम दिसला. मला या शब्दाचा अनुभव दुकानातच आला होता. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आम्ही उत्साहाने ‘कापडी’ पिशव्या घेतल्या. हाताला कापडासारख्या, दिसायलाही तशाच. नंतर एक टोक जाळून पाहिले, तर वितळून थेंब पडला. ते नॉन-वोव्हन म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच होते. आयुष्य कापडात गेलेला मनुष्य मी, आणि मला ते आधी ओळखता आले नाही.

खऱ्या सेल्युलोजचे मात्र काही करता येईल, असे जाणकारांचे मत आहे, आणि ते काम आपल्या शेजारीच चालते. माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. कापसाच्या आखूड, टाकाऊ तंतूंपासून अतिसूक्ष्म सेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक कारखाना तिने मागील दशकात उभारला. जवळच १९३३ सालची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, जिला आपण जुन्या सवयीने यू.डी.सी.टी. म्हणतो, वस्त्ररसायन हा तिथल्या आरंभीच्या विषयांपैकी एक. प्लॅस्टिकच्या कणाच्या जागी कापसाचा कण आला, तर मला धंदेवाईक आनंद होईल, हे लपवत नाही.

आता आपल्या समाजासमोरचा वेगळा प्रश्न. विघटनशील म्हणजे अहिंसक नव्हे. प्लॅस्टिकला पर्याय म्हणून जी द्रव्ये पुढे येतात, त्यांतली बरीच प्राण्यांपासून आलेली आहेत आणि ती प्राणिज आहेत म्हणूनच चटकन कुजतात. कायटोसान हे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. अत्तराच्या कुप्यांचे कवच जिलेटिनचे करता येते, म्हणजे हाडे आणि कातडी. नखांच्या रंगाला मोत्यासारखी झाक देणारे ग्वानिन हे माशांच्या खवल्यांतून येते. रेशमाची भुकटी, मधमाशांचे मेण आहेच. केसांच्या फवाऱ्यांत शेलॅक असते, ती लाख. आणि लाक्षावाणिज्य तर श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत आपल्या आचार्यांनी नाव घेऊन घातले आहे.

तेव्हा आपल्यापुढे दोन गाळणी आहेत. पहिल्या गाळणीतून पाहायचे, की वस्तू वापरून झाल्यावर पाण्यातल्या जीवाला बाधते का. दुसरीतून पाहायचे, की ती वस्तू करताना कोणता जीव गेला. प्लॅस्टिकची नळी दुसऱ्या गाळणीतून सुखरूप पार होते. त्यात एकही प्राणिज द्रव्य नसेल, प्राण्यांवर चाचणीही नसेल. ती चाचणी तर आपल्या देशाने २०१४ सालीच बंद केली. म्हणून आपल्यापैकी अनेकांनी ‘शुद्ध शाकाहारी’ हे शब्द पाहून असल्या वस्तू निर्धास्त घेतल्या. मीही घेतल्या. उलट परदेशी ‘निसर्गस्नेही’ मलई पहिलीतून पार होते आणि दुसरीत अडकते. मी एका कंपनीला पत्र लिहून विचारले, की आपल्या सुवासाच्या कुप्यांचे कवच कशाचे आहे. उत्तर आले, ‘उच्च दर्जाच्या सुरक्षित घटकांचे’. दुसरे पत्र लिहिले, त्याला उत्तर नाही.

माझे मत विचाराल तर, जिथे गरजच नाही तिथे पर्याय शोधण्यापूर्वी सोडून देणे बरे. चेहरा घासण्यासाठी प्लॅस्टिक पाण्यात सोडणे हे मला सरळ अनर्थदंडात बसणारे दिसते. निरर्थक, कोणाच्याही उपयोगाचे नसलेले पाप. चकाकीचेही तेच. जिथे खरी गरज आहे, उदाहरणार्थ उन्हापासून रक्षण करणारी मलई, तिथे डबा वाचून, विचारून, एरंडेल, तांदूळ, सिलिका, सेल्युलोज अशा द्रव्यांची वस्तू घ्यावी. महिला मंडळाने अशा वस्तूंची एक यादी करावी, असे मी सुचवले आहे. आपल्या समाजात औषध आणि रसायनांच्या धंद्यातली मंडळी कमी नाहीत, त्यांनी तिला हातभार लावावा.

इथे मी थांबलो असतो, तर भाषण सोपे झाले असते. पण हिशेब पाहण्याची सवय आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली एक अहवाल काढला. जे प्लॅस्टिक बारीक कणांच्या रूपानेच समुद्रात पोहोचते, ते कोठून येते याचा तो ताळेबंद होता. सौंदर्यप्रसाधने, २ टक्के. गाड्यांच्या टायरांची झीज, २८ टक्के. आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांची धुलाई, ३५ टक्के. तो कागद वाचल्यावर मी तो उलटा करून ठेवला. प्लिमथच्याच संशोधकांनी २०१६ साली मोजले, की ६ किलो ॲक्रिलिकच्या कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात; पॉलिएस्टरच्या कपड्यांतून जवळजवळ ५ लाख. मिठातले ते ३७ टक्के तंतू आठवा.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मला गादीवर बसून फार दिवस झाले नव्हते. परळ-लालबागच्या भोंग्यांवर तोवर आमच्या बाजाराचे घड्याळ चालत असे. गिरण्यांचे सुती कापड येईनासे झाले. गिऱ्हाईक तर दारात उभे. वडिलांनी सुरतेचा पॉलिएस्टरचा माल मागवला. हलका, स्वस्त, इस्त्री नको, रंग जात नाही. गिरणी कामगारांच्या घरच्या स्त्रियांनीच तो पहिल्यांदा घेतला, कारण संपाच्या काळात तेवढेच परवडत होते. तो माल पुन्हा गेला नाही. आज माझ्या दुकानातल्या दहा साड्यांपैकी सात कृत्रिम धाग्याच्या आहेत. त्या साड्यांवर माझ्या मुलांची शिक्षणे झाली, या ट्रस्टला दिलेली वर्गणीही त्यांतूनच आली. नळीतली चमचाभर कणी बाटलीत भरून मी सुनेला उपदेश केला, आणि चाळीस वर्षे काय विकले ते मोजले नाही.

हे घरी बोललो, तेव्हा चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, सगळे सुती ठेवले तर भाडे कोण भरणार? आणि सहाशेची साडी घेणाऱ्या बाईला तुम्ही दोन हजारांची घ्या म्हणणार का?’’ त्याचे म्हणणे खोटे नाही. कापूस पिकवण्यातही फवारे, पाणी आणि जीवहिंसा आहे, हेही त्याने ऐकवले. आमचा वाद मिटलेला नाही. तोवर दोन गोष्टी केल्या आहेत. दुकानात विस्कोसची, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या सेल्युलोजची आणि सुती मिश्रणाची फळी वाढवली. किमतीचा फरक शक्य तितका आम्ही सोसतो. आणि घरी कपडे धुण्याच्या यंत्राच्या पाणी सोडणाऱ्या नळीला घट्ट सुती पिशवी बांधली. आठवड्याने उघडली, तर करड्या रंगाचा, ओल्या कापसासारखा गोळा निघाला. पाणी तुंबते, दर चार दिवसांनी पिशवी धुवावी लागते, तीही बादलीत, आणि ते पाणी पुन्हा फडक्यातून. सूनबाई कंटाळल्या आहेत, पण सोडलेले नाही. गोळा वाळवून सुक्या कचऱ्यात देतो. तो पुढे कचराभूमीवरच जाणार, हे मला ठाऊक आहे. निदान वरळीच्या बोगद्यातून जात नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. सुवर्णमहोत्सवाच्या प्रभावनेसाठी शाली पुरवण्याचे काम विश्वस्तांनी माझ्याकडे दिले होते आणि मी ॲक्रिलिकच्या शालींचा भाव दिला होता. तो भाव मी परत घेतला आहे. त्याच रकमेत प्रत्येक कुटुंबाला पाणी गाळण्याचे सुती वस्त्र मिळेल, छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी शिवलेले. ते आधी तीन-चार वेळा धुऊन घ्यावे, नव्या सुताची वीण तेवढ्याने बसते. दाराजवळच्या मेजावर ती वस्त्रे मांडली आहेत आणि शेजारी ती बाटली ठेवली आहे. भिंगही आहे. पाहून झाल्यावर बाटलीचे झाकण कृपया घट्ट लावून ठेवावे.

जय जिनेंद्र.